उताराच्या फळीचा पिवळा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. ऐकायचं तर समोर गवतावर बसा, माझ्यावर बसू नका. आयुष्यभर कुत्री माझ्यावरून धावत खाली उतरली आहेत. आता कंबरेत दम नाही.

कुत्र्यांच्या कसरतीच्या मैदानावर आम्ही तिघी जावांसारख्या एका रांगेत जोडलेल्या असायचो. एक चढाची, एक मधली आणि मी उताराची. चढाचीवर कुत्रं उत्साहानेच चढतं. मधली नुसती पसरलेली, तिला काम ते कसलं! खरी परीक्षा माझ्यापाशी. माझ्या खालच्या टोकाला पिवळा पट्टा आहे. कुत्र्याने त्यावर पाय टेकलाच पाहिजे. वरूनच उडी मारली तर गुण जातात आणि खांदेही दुखावतात.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, तेव्हा वहिनी त्याच्यावर कडाडली होती, "कुत्र्याने चालायचंय हिच्यावर, घसरगुंडी नकोय मला!" वहिनी म्हणजे शिवणकाम करणारी बाई. दीर तिला वहिनी म्हणतो, म्हणून सगळं मैदानच म्हणतं. तिने रंगात बारीक वाळू कालवून मला दोन हात दिले.

मग तिची कुत्री आली, ठिपकी. मागचे पाय माझ्यावर, पुढचे जमिनीवर, आणि "चल" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढंच शिकायचं होतं. त्याला दोन वर्षं लागली! वहिनी खाऊ हातात धरत नसे, माझ्या टोकाशी जमिनीवर ठेवी, म्हणजे ठिपकीची मान खाली राही. ठिपकीला जमलं तेव्हा सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. माझी कुणी थोपटली नाही. असो.

ठिपकी आठ वर्षांची झाली. स्पर्धेत उतरायचं ते याच वर्षी, पुढे तिचे गुडघे ऐकणार नव्हते. स्पर्धेला दहा दिवस उरले असताना दिराने हौसेने मला घासलं आणि चकचकीत पिवळा रंग दिला. दुसऱ्या दिवशी वहिनीने नेहमीसारखं ठिपकीला सोडलं. पट्ट्यावर तिचे चारही पाय फाकले आणि ती हनुवटीवर आपटली. तिचं ते केकाटणं अजून माझ्या अंगात आहे.

वहिनीने माझ्यावरून तळवा फिरवला.

"भावजी, वाळू कुठंय?"

"ती खरखर होय? घासून काढली. केवढी मेहनत घेतली, वहिनी!"

"दिसतेय हो मेहनत. आता हिच्यात तोंड बघून भांग पाडा तुमचा."

त्यानंतर ठिपकी माझ्याकडे ढुंकून बघेना. मला जोडातून सोडवून गवतावर आडवी टाकली. दिराने मुकाट्याने वाळू घालून पुन्हा रंग दिला. ठिपकी सपाट माझ्यावर चालू लागली, तेव्हा एका टोकाखाली एक वीट ठेवली, मग दुसरी.

"वहिनी, स्पर्धा रविवारी आहे."

"तुम्ही जा. आमची वीट अजून दुसरी आहे."

रविवारी मैदान रिकामं होतं, दीर तेवढा स्पर्धेला न जाता थांबला होता. वहिनीने तिसरी वीट लावली. ठिपकी वरच्या टोकावर चढली, थरथरत खाली आली, मागचे पाय पिवळ्यावर ठेवून थांबली. वहिनी त्या पायांकडे बघतच राहिली. "चल" म्हणायचं राहूनच गेलं. ठिपकी तिच्याकडे बघत तशीच उभी.

"अहो, चल म्हणा की," दीर हळूच म्हणाला. "बिचारी थांबलीय तुमच्यासाठी."

"चल," वहिनी म्हणाली. आणि मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझी पाठ थोपटली.

पुन्हा उंचावर मला जोडलं नाही. पोटाला चीर गेली आहे. आता सपाट पडून असते, नवी पिल्लं माझ्यावर पहिलं पाऊल टाकतात. तुम्हाला एकच सांगते. जुन्या वस्तूची खरखर घासण्याआधी ती कशासाठी आहे, ते विचारा. मला वर्षातून एकदा रंगाचा हात द्या, उघड्यावर भिजत टाकू नका. आणि रंगात मूठभर वाळू घाला. चकाकी मला नको, पिल्लांचा पाय ठरला म्हणजे झालं.