मागून नंदिनी येत होती

पौर्णिमा भगतची ड्यूटी सकाळी सहाची. सावंगीच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला ती रोज सहा किलोमीटर सायकल मारत जायची. उन्हाळ्यात निघतानाच उजाडू लागलेलं असे. डिसेंबरात मात्र सायकलचं हँडलही चाचपूनच धरावं लागे. त्या दिवशी वरून धुकं पडलं होतं. अंगावर काळपट शाल, सायकलला दिवा नाही. त्याच मेसमध्ये कणीक मळणारी शेजारची नंदिनी रोज सोबत असायची, पण आज तिच्या चाकात हवा कमी निघाली. "काकू, तुम्ही व्हा समोर. मी आलीच हवा भरून," ती म्हणाली.

नाल्याच्या पुलापाशी मागून गाडीचा आवाज आला. पौर्णिमाने वळून बघेपर्यंत उजेड अंगावर आला आणि ब्रेक करकचले. तिने सायकल डावीकडे दाबली, तशी ती सायकलसकट गवतात जाऊन पडली.

कापूस भरलेली पिकअप थोडं पुढे जाऊन थांबली. ड्रायव्हर धावत आला. श्रावण त्याचं नाव, असेल तिशीचा.

"लागलं का मावशी?"

कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. पौर्णिमाच्या तोंडाशी चांगले दोन-चार शब्द आले होते. पण तो माणूस तिथेच उकिडवा बसला. त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं.

"लाइट चालू होते, तरी तुम्ही मले दिसल्याच नाई," तो म्हणाला.

ते ऐकताच तिने मागे रस्त्याकडे बघितलं. "माह्या मागं नंदिनी येऊन राह्यली. काळं स्वेटर घातलं तिनं. तिच्याही सायकलले काई नाई."

मागून दुसऱ्या गाडीची घरघर ऐकू येऊ लागली होती.

श्रावण उठला. गाडीतून टॉर्च घेऊन तो मागच्या दिशेने पळत सुटला. पौर्णिमाही धावली. "नंदे, रस्ता सोड! खाली उतर!" ती ओरडत होती. धुक्यात दोन पिवळे डाग मोठे होत गेले. श्रावण टॉर्च हलवत राहिला. गाडी हळू झाली आणि थांबली. दुधाचा टेम्पो होता.

मग अगदी जवळून आवाज आला, "काकू, काऊन ओरडून राह्यल्या?"

सायकल हातात धरून नंदिनी रस्त्याच्या कडेला उभी होती, टेम्पोच्या समोर जेमतेम दहा पावलांवर. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "ही कुठं होती?" त्याने विचारलं. पौर्णिमाने नंदिनीचं मनगट पकडलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

श्रावणकडे गाडीला लावून उरलेली रेडियमची पट्टी होती. दोन्ही सायकली दवाने ओल्या, त्यामुळे पट्टी चिकटेना. त्याने गाठोड्यातून मूठभर कापूस ओढला, मडगार्ड आणि पायडल पुसून कोरडे केले आणि दाताने तुकडे तोडून चिकटवले. टेम्पोच्या उजेडात ते लखकन चमकले.

"आता चाला तुम्ही," टेम्पोवाला म्हणाला. "मी मागं हळूहळू येतो."

आणि तो खरंच सावंगीचे दिवे दिसेपर्यंत त्यांच्या मागे, सायकलच्या चालीने येत राहिला.

मेसमध्ये पोचायला पाऊण तास उशीर झाला. मेस बघणारे लक्ष्मणराव घड्याळाकडे बोट दाखवणार होते, पण त्यांना पौर्णिमाचं कोपर दिसलं. "आधी ते धुवा, चहा घ्या. मग पोळ्यांचं पाहू," ते म्हणाले.

पौर्णिमाने दोन कप चहा घेतला. नंदिनीने कणीक मळता मळता नणदेच्या लग्नातल्या साड्यांची गोष्ट काढली, कोणाला कोणत्या रंगाची, कोण कशी रुसली. एरवी अशा गोष्टींचा पौर्णिमाला कंटाळा यायचा. आज तिने लाटणं थांबवून विचारलं, "मंग? तुले कोणती भेटली?"