एच-फोर, साठ-पंचावन्न

"सर, बल्ब घेताय की तोंडी परीक्षा?" तिसरा खोका फोडत पप्पूने विचारले.

सामरवरणीतल्या त्याच्या गॅरेजात प्रभाकर राणे स्टुलावर ताठ बसले होते. सिल्वासाच्या शाळेत हयातभर विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि पप्पूही कधीकाळी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला. त्याचा आग्रह पांढऱ्याशुभ्र एलईडीचा होता. सरांनी शांतपणे सांगितले, की या पिकअपच्या हेडलाइटचा आरसा हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला आहे. उजेड देणारी जागा जराशी सरकली, तरी झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शंभर वॅटचाही नको, त्याने वायरिंग वितळते. कंपनीने दिला होता तोच हवा. एच-फोर, बारा व्होल्ट, साठ-पंचावन्न वॅट.

गाडी त्यांच्या मुलाची, सुमितची. गेल्या दिवाळीनंतर, तिन्हीसांजेला, किलवणीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ती मागून आदळली आणि सुमित जागीच गेला. ट्रॉलीवाल्याचे म्हणणे, पिकअपचे दिवेच लागलेले नव्हते. माझा मुलगा दिवे न लावता गाडी चालवणार नाही, असे वासंतीबाई तेव्हापासून येईल त्याला सांगत आल्या होत्या. सर कोणत्याच बाजूने बोलले नव्हते, कारण पुरावा नव्हता. आता पत्रा ठोकून, रंग मारून झाला होता. उद्या गाडी अथालच्या गिऱ्हाइकाकडे जायची होती. राहिले होते ते दिवे.

उजव्या दिव्याचा तेव्हाच चुराडा झाला होता. डाव्यातला बल्ब मात्र त्या दिवसापासून कोणी काढला नव्हता. तो काय सांगतो ते पाहू, एवढेच सर सकाळी घरी म्हणाले होते.

पप्पूने तो काढला. सरांनी रुमालात घेऊन उन्हाकडे धरला. लागलेल्या दिव्याची तार तापून मऊ झालेली असते. धक्का बसला की तिची वेटोळी ताणली जातात, वेडीवाकडी होतात. विझलेल्या दिव्याची तार थंड आणि ठिसूळ; ती नुसती मोडते. या बल्बातल्या लांबच्या आणि जवळच्या झोताच्या दोन्ही तारांची वेटोळी स्प्रिंगसारखी एकसारखी होती आणि दोन्ही मधोमध मोडल्या होत्या. टोके धारदार, चकचकीत. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, म्हणून सरांनी बल्ब फिरवून पुन्हा पाहिले. निष्कर्ष तोच निघाला. त्यांना काहीच वाटले नाही. काही वाटेल म्हणून ते क्षणभर थांबलेही.

बटण चालूबंद करायला कोणीतरी हवे, म्हणून पप्पूने वासंतीबाईंना चालकाच्या जागेवर बसवले होते. त्यांनी तिथूनच विचारले, "काय दिसलं?"

खोटे बोलणे अवघड नव्हते. तारा कशा वाचायच्या हे तिथे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते.

"लावले नव्हते त्याने."

वासंतीबाई समोरच्या काचेतून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. घरातसुद्धा तसाच काळोखात बसून राहायचा. मी उठून दिवा लावीपर्यंत."

"मग इतके दिवस तू..."

"लोक विचारायचे, त्यांना सांगत होते. तुम्ही कुठे विचारलंत?"

सरांनी रुमालाची घडी घातली आणि बल्बासकट खिशात ठेवली.

काचेला बोट लागू न देता पप्पूने दोन्ही नवे बल्ब बसवले, मागची रबरे दाबली आणि हळूच म्हणाला, "काकी, लावा."

भर दुपारचे ऊन होते. दिवे लागले की नाही, तेच कळेना. सर उठले. त्यांनी एका दिव्यापुढे तळहात धरला. रेषांवर फिकट पिवळा उजेड पडला, पाठोपाठ थोडी ऊब आली.

"हा लागला," ते म्हणाले. मग दुसऱ्यापुढे हात धरला. "हाही."

"बस, काकी. बंद करा आता."

वासंतीबाईंचा हात बटणावरच होता. दिवे चालू राहिले. पप्पूने पुन्हा सांगितले नाही.