आमच्या गावचा बंब

"हात वर करण्याआधी एकदा माझ्याकडे बघा," सभागृहाच्या पायऱ्या चढता चढता मी यांना दटावलं. "मागे बसलेय मी."

"तू आहेस म्हणूनच नाही बघणार," असं म्हणून हे पुढे गेले.

आमचे हे नळदुरुस्ती करतात. अख्खं गाव यांना नळमास्तर म्हणतं. गावाने यांना अग्निशमन मंडळावर पाठवलं ते हुशार म्हणून नव्हे, यांना कुणाला नाही म्हणता येत नाही म्हणून! पाच गावांचं मिळून हे मंडळ. प्रत्येक गावाने माणशी पट्टी भरायची आणि एक सभासद पाठवायचा. पाठवलं गावाने, पण एकदा खुर्चीत बसलं की पाचही गावं आपली, असा तिथला नियम. बाकीचे तो शपथ घेताना वाचतात आणि घरी येईपर्यंत विसरतात. आमच्या यांनी तेवढा लक्षात ठेवला, काय म्हणायचं!

पट्टी वाढवायला कुठलंच गाव तयार नाही, त्यामुळे नवा बंब घ्यायला पैसे नाहीत. खालच्या गावात गोदामं झाली, नवी वस्ती झाली, पण बंब नाही. मागच्या महिन्यात तिथलं एक घर बंब पोचेपर्यंत जळालं आणि आतली म्हातारी गेली. म्हणून आमच्या गावचा बंब तिकडे हलवायचा ठराव आला होता. त्या बंबावर ड्रायव्हर माझा धाकटा भाऊ, बंबाबरोबर त्यालाही तिकडे जावं लागणार.

दोन हात ठरावाच्या बाजूने वर झाले, दोन विरुद्ध. उरले हे.

"नळमास्तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

शेजारी बसलेल्या भावजयीने माझा हात घट्ट धरला.

"आमच्या गावात घरोघरी धुराची घंटा द्या," हे म्हणाले. "बंब येईपर्यंत माणूस बाहेर तरी पडेल. हे ठरावात लिहा."

बाईंनी लिहून घेतलं, आणि यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. भावजयीने माझा हात सोडला.

घरी आल्यावर मी भांडी आपटली. "सख्ख्या मेहुण्याला देशोधडीला लावलंत! आता मी माहेरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"त्या म्हातारीकडचा नळ मीच बसवला होता," हे म्हणाले. "दोन पायऱ्या उतरायलाही तिला भिंत धरावी लागायची."

"आणि उद्या आपल्याकडे आग लागली तर?"

यांनी हातातला घास खाली ठेवला. पुढ्यातलं ताट तसंच राहिलं. हे स्वतःच घाबरलेत हे मला तेव्हा कळलं, आणि भांडण विसरून मला रडू आलं.

बंब गेला त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर होतं. भावाने आमच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. नंतर यांचं कामच थांबलं. लोक गळक्या नळाखाली बादल्या लावून बसले, पण नळमास्तरांना हाक मारीनात. असा राग!

घंटांची खोकी आली तशी यांनी शिडी खांद्यावर घेतली.

"कोण दार उघडणार आहे तुम्हाला?"

"वाजवून तर बघतो."

"आणि शिडी कोण धरणार? घरात बल्ब बदलताना पडला होतात ना?"

हे शिडी सावरत निघाले. माझं मेलं मन ऐकेना. कुलूप घातलं आणि मागोमाग गेले. बघते तर हे थेट माझ्या भावाच्या दारात! भाऊ तिकडे कामावर. भावजयीने दार उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि टेबल ओढून शिडीला जागा करून दिली.

मी शिडी धरली. यांनी दोनदा स्क्रू खाली पाडला, दोन्ही वेळा भावजयीनेच उचलून दिला. शेवटी घंटा बसली. चालते का बघायला यांनी बटण दाबलं, तर ती अशी किंचाळली की समोरची शेजारीण धावत बाहेर आली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही," भावजय दारातून म्हणाली. "आमचे भावोजी आलेत. तुमच्याकडेही येतील आता, दार उघडं ठेवा."