क्रमांक अकरा

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. मी लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांचं सगळं सावकाश, माझं घाईचं, आणि वर माझं डोकं तापट. आई गेल्यावर अण्णा दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायला लागले. ते मला बघवेना. म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी आणली. समुद्रातले दगड, दोन मासे, एक जांभळं प्रवाळ.

खरी गंमत दगडांत निघाली. त्यांच्या भोकांत बसून न बोलावलेले पाहुणे घरात आले होते. अण्णांनी डोळ्याला घड्याळाचं भिंग चढवलं ते काढेचनात. दुकानात असायची तशी वही सुरू केली: नंबर, तारीख, वर्णन, निदान. क्रमांक तीन, केसाळ किडा, निरुपद्रवी. क्रमांक सात, इवला खेकडा, चोर आहे, नजर ठेवणे. फोनवरचे फोटो ताडून बघायचे आणि म्हणायचे, "हे गिऱ्हाईक अजून तोंड उघडत नाहीये." आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले ते त्या खेकड्याला. मला माशांपेक्षा तेच बघायला आवडायचं.

क्रमांक अकरा मात्र अडला. एका दगडावर दाटीवाटीने बसलेली तपकिरी बटणं. आठवड्यागणिक वाढत ती प्रवाळाला भिडली, आणि प्रवाळ कडेने पांढरं पडायला लागलं.

"काढून फेकतो तो दगड," एका सकाळी मी म्हणालो.

"ओळख पटू दे आधी. घड्याळसुद्धा मी दिवसभर कानाशी धरून मगच उघडायचो."

"तोवर तुमचं प्रवाळ मरेल."

"मेलं तर मेलं. तू हात लावू नकोस."

मी दार आपटून कामावर गेलो.

तिथे साहेबांशी वाजलं. दुपारी घरी आलो तर अण्णा टाकीशेजारी खुर्चीत डुलकी घेत होते, वही मांडीवर. प्रवाळ अर्धं खलास. माझी सटकली. उकळलं की दगडावरचं सगळं मरतं, असं कुठेतरी वाचलं होतं. दगड मोठ्या पातेल्यात टाकला, गॅस पेटवला, वाऱ्याने विझायला लागला म्हणून खिडकी लावून घेतली, आणि बाहेर येऊन टाकीची काच घासत बसलो.

पाणी रटरटायला लागलं तसे अण्णा जागे झाले.

"गॅसवर काय ठेवलंयस?"

"तुमचं गिऱ्हाईक. अकरा नंबरचं."

ते उठले. इतक्या झटकन उठताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वाफेत शिरून त्यांनी गॅस बंद केला, खिडकीची कडी धडपडत काढली आणि तिथेच ओट्याला धरून खाली बसले. मी त्यांना ओढून बाहेर आणलं. तोपर्यंत माझ्या तोंडाला पितळेची चव आली होती आणि अंगात हुडहुडी भरली होती. अण्णांचे ओठ निळे पडले होते.

"उकळलं काय नेमकं?" दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं.

मला नाव सांगता येईना. अँब्युलन्सवाल्याने अण्णांच्या चपला आणि वही एका पिशवीत टाकून दिली होती. मी वही पुढे केली. बाईंनी शेवटचं पान वाचलं, त्यावर उतारा नाही म्हणाल्या, आणि घाईने आत गेल्या. मग मी वाचलं. नोंद त्याच दिवशीची होती.

"क्र. ११. ओळख पटली. अतिविषारी. उघड्या हाताने धरू नये. उकळू तर मुळीच नये, वाफ जीव घेते." खाली बारीक अक्षरात: "आल्या आल्या सांगू नये, तापून येतो. जेवू घालून मग सांगणे."

तिसऱ्या दिवशी अण्णा गेले.

घरी परतलो तेव्हा पालिकेची माणसं पातेलं घेऊन गेली होती, खिडक्या सताड उघड्या होत्या. टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्या दुपारी मी त्याच्याच शेजारून पातेलं घ्यायला गेलो होतो.