शाबूत खांदा

आमच्या पोपायान गावात एखाद्याची पाठ धरली की लोक आधी विचारतात, "मग पवित्र आठवड्यात काय करणार?" डॉक्टरकडे गेला होतास का, हे मागाहून. गिल्दार्दोला तर कुणी तेवढंही विचारलं नाही. गिल्दार्दो बूट दुरुस्त करतो, पन्नाशी कधीच ओलांडलीय, आणि त्या आठवड्यातल्या गुड फ्रायडेच्या मिरवणुकीतल्या सगळ्यांत जड पासोचा पुढचा, मधला एक दांडा त्याचा आहे. आधी तो त्याच्या बापाचा होता, त्याआधी आजाचा. मूर्तींचा तो भलामोठा लाकडी ओटा आठ माणसं खांद्यावर घेतात, चार पुढे, चार मागे. अशा माणसाची पाठ दुखत नाही, असं आमच्याकडे धरून चालतात.

पण ती दुखत होती. जूनमध्ये एका सकाळी दुकानात खाली पडलेला खिळा उचलायला तो वाकला आणि तसाच राहिला. शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीसकट घरी आणलं. मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबली जातेय, असं डॉक्टर म्हणाले. "ओझं आता विसरा. पण पडून राहू नका, व्यायाम करा." कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर रांग होती.

मग ज्याने त्याने आपापला व्यायाम सांगितला. फुकटचा सल्ला द्यायला कोण मागे राहतंय? पुतण्याने त्याला जिममध्ये नेऊन लोखंड उचलायला लावलं. परत आला तो टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवा होऊन. शेजारचा निवृत्त हवालदार म्हणाला, पोट कमावलं की पाठ आपोआप सुधारते. त्याने जमिनीवर उताणं झोपवून डोकं गुडघ्याला टेकवायला लावलं. त्या रात्री गिल्दार्दोची बायको एदिल्मा त्याला कूस बदलायला मदत करत होती आणि हवालदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. गिल्दार्दोला वाटलं, आपल्या नशिबी आता ही खाट आणि हे छत.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या नाझलीकडे त्याला पाठवलं. मुलगी समुद्राकडची, ग्वापीची, वयाने त्याच्या लेकीएवढी. तिने आधी त्याला काहीच करायला लावलं नाही. नुसतं विचारत राहिली. बसल्यावर दुखतं की उठताना? खोकल्यावर पायात कळ जाते का? मग म्हणाली, "काका, उद्यापासून चौकातल्या बागेला एक फेरी मारायची. सपाटीवर. दुखायच्या आधी थांबायचं."

"दुखणार आहे ते आधी कसं कळणार?"

"तेच तर शिकायचंय. दुखल्यावर थांबणं काय, कुणालाही जमतं."

आता हे शिकवायचं कुणाला, तर आमच्या गावच्या माणसाला. आमच्याकडे पोरं चालायला लागली की छोट्या मूर्तींचे छोटे पासो खांद्यावर घेतात, आणि एखादं रडकुंडीला आलं की बाकीची ओरडतात, "पिचोन! पिचोन!" पिचोन म्हणजे कबुतराचं पिल्लू. मोठ्यांच्या मिरवणुकीत दांडा पेलवेना म्हणून जो मधेच बाहेर पडतो, त्याने पिचोन मागितलं म्हणतात, आणि तो डाग माणूस मेला तरी पुसला जात नाही. अमक्याच्या आजाने कुठल्या कोपऱ्यावर पिचोन मागितलं, ते गावाला अजून पाठ आहे. व्यायाम म्हणजे दुखेपर्यंत करायचं आणि दुखल्यावर आणखी, एवढंच गिल्दार्दोला ठाऊक. पहिले काही दिवस तो बागेला फेऱ्या मारून मारून घरी लंगडत आला. नाझली रागावली नाही. "तुम्हाला कुणी टाळ्या वाजवणार नाहीये, काका," एवढंच म्हणाली.

हळूहळू त्याला ते कळू लागलं. दुखण्याआधी कमरेत काहीतरी घट्ट होतं, आणि तिथेच थांबायचं. घरी चटईवर गुडघे दुमडून नुसती कंबर उचलायची, श्वास सोडत खाली आणायची. मग रांगल्यासारखं होऊन एक हात पुढे, उलट बाजूचा पाय मागे. एदिल्मा भाजी चिरता चिरता बघायची. "छान. आता भुंकून दाखव." आठवड्यातून दोनदा पोहण्याच्या तलावात छातीएवढ्या पाण्यात चालायचं, सोबत गावातल्या समस्त आज्या. पहिल्या दिवशी तो काठावरच टॉवेल गुंडाळून उभा होता. सोराइदा नावाची एक विधवा पाण्यातून म्हणाली, "ये रे बाबा, आत. आम्ही नवरे पुरून आलोय, तुझे पाय बघून काय घाबरणार?"

नाताळापर्यंत तो स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधू लागला. जन्मभर दुसऱ्यांचे बूट शिवणाऱ्याला सहा महिने बायको नाडी बांधून देत होती. त्या सकाळी तो पायरीवर बसून एकटाच रडला. पुढे मोर्रो टेकडीचा चढ न थांबता चढू लागला, दुकानात अधूनमधून उठून चार पावलं फिरून पुन्हा बसू लागला. नाझलीला एवढंच हवं होतं. एकदा त्याच्या उजव्या खांद्यावरचा लिंबाएवढा घट्टा बघून ती थबकली. कितीही परगावची असली तरी त्या घट्ट्याचा अर्थ आमच्या गावात लपत नाही.

"काका, या वर्षी नाही ना?"

"छे. दांडा पुतण्याला देऊन टाकला," तो म्हणाला. पापणीही लवली नाही त्याची.

खरं तर नाडी बांधली त्याच दिवशी त्याने ठरवलं होतं. मुलगा नव्हता, लेक काली शहरात नांदत होती, पुतण्याला लोखंड प्यारं. एक वर्ष दांडा सोडला की तो दुसऱ्या घरात जाणार, आणि बापाआजाचं नाव त्या लाकडावरून उतरणार. बूट दुरुस्त करणारे गावात पुष्कळ. त्या दांड्याखाली नसला तर गिल्दार्दो कोण, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

एदिल्माला त्याने सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. ती वळलीसुद्धा नाही.

"म्हाताऱ्या, ती पोरगी तुला नाडी बांधायला शिकवते, आणि तू त्यावर अख्खा डोंगर उचलायला निघालास?"

"पाठ माझी आहे."

"मोडल्यावर माझी असते. खाटेवरून तुला उठवायला ती बाकीची सात जणं येणार आहेत का?"

"या वर्षी दुखणार नाही बघ. मी आता वेगळा झालोय."

ती आणखी भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती गप्प बसली, याचा त्याला आनंदच झाला.

गुड फ्रायडेला अंधार पडताना आठही जण निळे अंगरखे घालून देवळात दांड्यांखाली उभे राहिले. उंची जुळवणं हे आमच्याकडे मोठं नाजूक काम. पासो सपाट राहायला हवा, म्हणून जो थोडा बुटका त्याच्या खांद्यावर जाड उशी, जो उंच त्याच्या खांद्यावर पातळ. गिल्दार्दोच्या शेजारी, कोपऱ्यातल्या दांड्याखाली, त्याचा जुना मित्र फ्लोरेस्मिरो होता, सुतार, साठीला टेकलेला. तो या वर्षी जरा जास्तच बडबडत होता. "काय रे, पाण्यातल्या बायकांनी सोडलं का तुला?" सगळे हसले. मग घंटा वाजली, आणि आठ खांदे एकदम वर उठले.

पहिल्याच गल्लीत गिल्दार्दोला कळलं, आपण जिंकलो. पाठ सरळ होती. कमरेतलं ते घट्ट होणं आलंच नाही. नाझलीने शिकवलेला श्वास तो सोडत होता, पोट आत, पाऊल लहान. दोन्ही बाजूंनी मेणबत्त्या, पांढऱ्या भिंती, धूप, आणि ओळखीचे चेहरे त्याला बघून मान हलवत होते. खाटेला खिळवणाऱ्या त्याच पाठीने आपल्याला पुन्हा माणसांत आणून सोडलं, असं त्याला वाटलं. शेजारी फ्लोरेस्मिरो कण्हत होता. वय झालं बिचाऱ्याचं, गिल्दार्दो मनात म्हणाला. त्यालाही नाझलीकडे पाठवायला हवं.

देवळात परत येऊन पासो खाली टेकला तेव्हा बाकीचे भिंतीला टेकून बसले, एक जण तर जमिनीवर आडवा झाला. गिल्दार्दो उभाच होता. तो फ्लोरेस्मिरोला अंगरखा काढायला मदत करायला गेला. खांद्यावरची उशी काढली, ती नेहमीच्या दुप्पट जाड होती. खालचं कातडं सोलवटून रक्ताळलं होतं. त्याने पलीकडच्या दोघांकडे बघितलं. त्यांच्याही खांद्यांवर तशाच नव्या, जाड उशा. मग त्याने स्वतःच्या अंगरख्यात हात घातला. घट्ट्यावरची कातडी कोरडी होती, साधी लालसुद्धा झालेली नव्हती.

दोन्ही बाजूचे बोटभर उंच झाले, की मधला नुसता लाकडाला खांदा लावून चालतो. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

"मी काहीच उचललं नाही," तो म्हणाला.

फ्लोरेस्मिरोने अंगरखा घडी करायला घेतला. "चाललास ना? अख्ख्या गावाने बघितलं. पुरे की."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

"नसतो आलो."

"मग? आणि खरं वजन घेऊन तिसऱ्या गल्लीत पिचोन मागितलं असतंस, तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतंस?" फ्लोरेस्मिरो थोडा थांबला. "एदिल्मा आली होती माझ्याकडे. हात जोडले तिने. मी काय करणार होतो?"

गिल्दार्दोने ती जाड उशी हातात तोलून बघितली. मग हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी?"

गेल्या वर्षी खाली बसताना त्याचा पाय बधिर होत होता, आणि तरीही मिरवणूक पुरी केली, हे तो वर्षभर ज्याला त्याला सांगत आला होता. फ्लोरेस्मिरोने त्याच्याकडे बघितलं नाही.

"पुढच्या वर्षी येऊ नकोस, गड्या," तो म्हणाला. "माझाही खांदा आता म्हातारा झालाय. दोघांचं होत नाही."

गिल्दार्दो पायी घरी निघाला. वाटेत एदिल्माला काय काय बोलायचं ते त्याने जुळवलं. माझी इभ्रत वेशीला टांगलीस. मला विचारलंस का? मला मोडू द्यायचं होतंस. पावलागणिक राग वाढायला हवा होता, पण चाल इतकी सरळ आणि हलकी पडत होती की त्याचीच त्याला लाज वाटली. वर्षभरात पाठ इतकी चांगली कधीच नव्हती, आणि तिला घेऊन आता जायचं कुठे, हे त्याला माहीत नव्हतं.

पासो उचलून आलेल्या माणसासाठी आमच्याकडे घरची बाई गरम पाणी आणि तेल तयार ठेवते. एदिल्मानेही ठेवलं होतं. बटाटा-शेंगदाण्याचं पिपियान भरून करंजीसारख्या तळलेल्या एम्पानाडा ताटाखाली झाकलेल्या होत्या. ती दारातच उभी होती आणि तिचे डोळे आधी त्याच्या कमरेकडे गेले, मग चेहऱ्याकडे. जुळवलेलं सगळं बोलायला त्याने तोंड उघडलं.

"दुखतंय का रे?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं. फ्लोरेस्मिरोच्या दारात हात जोडून उभी राहिलेली ही, आयुष्यात कुणाकडे मीठसुद्धा न मागितलेली बाई.

"हो," तो म्हणाला. "फार दुखतंय."

तो खुर्चीवर बसला आणि त्याने सदरा खांद्यावरून खाली ओढला. एदिल्माने दिवा जवळ घेतला. त्या धडधाकट कातडीकडे तिने क्षणभर बघितलं आणि हातावर तेल घेतलं. मग जखमेवरून फिरवावा इतक्या हलक्या हाताने ती त्याचा खांदा चोळू लागली.