पाटावरचा बाप

चारुदत्त सबनीस जिऑलॉजिकल सर्व्हेतला माणूस. आयुष्य दगडांत गेलेलं. हिवाळाभर सिंगभूमच्या डोंगरांत हातोडी घेऊन हिंडायचं, पोती भरभरून दगड कलकत्त्याला आणायचे आणि उरलेलं वर्ष भिंगातून त्यांच्याकडे बघत बसायचं, हा त्याचा धंदा. दगडाचं एक बरं असतं. हातातून सुटला तर फार तर आपल्याच पायावर पडतो. अशा माणसाच्या हातात देवानं सहा पौंडांची मुलगी ठेवली आणि वर रेल्वेचा संप लावून दिला. घ्या आता!

संपाआधी सगळं कसं आखीवरेखीव ठरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सुनीतीनं सातव्या महिन्यात नागपूरला जायचं. डॉक्टरांनी मोडता घातला, ब्लडप्रेशर वाढलंय, प्रवास नको. बरं, मुलगी माहेरी जात नाही तर माहेरानं मुलीकडे यायचं. सुनीतीची आई शारदाबाई आणि वडील नाना मे महिन्यात हावड्याला उतरणार होते. शारदाबाई म्हणजे बाळंतपणात वाकबगार. शेजारपाजारची निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली. तिळाचं तेल, वेखंड, बाळंतशोपा, गुटीची औषधं, डिंकाचे लाडू, सगळं त्यांनी ट्रंकेत भरून ठेवलं होतं. आणि गाड्या थांबल्या. एक नाही, दोन नाही, देशभरातल्या थांबल्या. ट्रंक नागपुरात आणि बाळ कलकत्त्यात, भवानीपुरात.

त्यातून सुनीतीचं सिझेरियन. टाके ओले, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, अशी सक्त ताकीद. घरी आल्यावर अंघोळीला एक आया ठेवली होती, ती बजबजहून लोकलनं यायची. लोकल बंद झाली तशी तीही बंद झाली. ओळखीच्या मराठी बायका म्हणाल तर त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरंबाळं घेऊन आपापल्या माहेरी गेलेल्या आणि तिथंच अडकलेल्या. राहता राहिल्या खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, मासीमा. जीव लावणारी बाई, पण सोवळ्याची कडक. बाळंतिणीच्या खोलीला महिनाभर शिवायचं नाही, हा त्यांचा नेम, आणि म्हातारपणी तो मोडायची त्यांची तयारी नव्हती.

"मग पोरीला न्हाऊ कोण घालणार?" सुनीती रडकुंडीला आली. उकाड्यानं बाळाच्या मानेत घामोळं उठलं होतं.

"पुसून काढू या," चारुदत्त म्हणाला.

"फर्निचर आहे का ती?"

मासीमा जिन्यातून ऐकत होत्याच. दारापर्यंत आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि चारुदत्तकडे बोट करून म्हणाल्या, "हा घालेल. मी सांगते, हा करेल." त्या बंगालीत बोलायच्या, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि मधल्यामध्ये दोघांनाही सगळं कळायचं. हे मात्र न कळल्यासारखं करून चारुदत्तनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

फील्डवरची खाकी हाफपँट घालून तो न्हाणीघरात पाटावर बसला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती. पाय लांब केलेले, शेजारी बादलीत पाणी, समोरच्या खोलीत खुर्चीवर सुनीती, आणि उंबऱ्यापलीकडे पदर सावरून मासीमा.

"पाणी कोपरानं बघ," मासीमांनी बाहेरून बजावलं. "तुझ्या तळहाताला काही कळायचं नाही, नुसता दगड झालाय तो."

त्यानं कोपर बुडवलं. पोरीला नडग्यांच्या मधे निजवलं. पोरीनं जे भोकाड पसरलं ते पार ट्रामच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल.

"अहो, मान! मान धरा!" सुनीती ओरडली.

"धरलीये."

"तो खांदा आहे!"

"भोय की, चारु?" मासीमा म्हणाल्या. भ्यायचं काय त्यात? एवढे दोनच शब्द, पण अशा थंडपणे म्हणाल्या की त्याचा हात मानेखाली आपोआप नीट बसला.

तेलाची पंचाईतच होती. तेल ट्रंकेत. मासीमांनी उंबऱ्यावरून एक वाटी आत सरकवली. कोमट केलेलं मोहरीचं तेल, ज्यात त्यांच्याकडे रोज वांग्याचे काप तळले जायचे. सुनीतीनं नाकाला पदर लावला. पण अडला हरी! चारुदत्तनं तेल हातावर घेतलं, पोरीच्या पाठीवरून फिरवलं, मग वरून पाणी सोडलं. दुसऱ्या तांब्याला रडणं थांबलं. पोरीनं गाल त्याच्या नडगीवर टेकला, एक मोठा सुस्कारा सोडला आणि त्याच्या मांडीवर शू केली.

चारुदत्त हसायलाच लागला. इतकं हसू त्याला कितीतरी दिवसांत आलं नव्हतं.

पुढे हात बसला. टाळू भरायची, डाळीचं पीठ दुधात कालवून अंग चोळायचं, न्हाऊन झालं की दुपट्यात गुंडाळून गॅलरीतल्या कोवळ्या उन्हात घटकाभर घेऊन बसायचं. समोरच्या घरांतल्या बायका खिडक्यांत जमायच्या. हाफपँटमधला मराठी बाबू पोरीला ऊन दाखवतोय, ही मजा रोज फुकट कोण सोडणार? आधी चारुदत्त लाजला, मग निर्ढावला, मग त्यांच्याकडे बघून पोरीचा हात हलवायला लागला. ऑफिसात टेबलाशी आला की लोक नाक वर करून तेलाचा वास घेत विचारायचे, "सबनीसदा, आज जेवायला काय होतं?" तो नुसता हसायचा. पोरीचं नाव अजून ठेवलं नव्हतं, आजी-आजोबा आल्यावर बारसं. तोवर तिला तो ठकी म्हणायचा. दिवसातला तेवढा अर्धा तास त्याचा आणि ठकीचा, आणि तो अर्धा तास संपूच नये असं त्याला वाटायचं. बोलला नाही कुणाला. सुनीतीला मात्र ते न सांगता कळलं होतं.

संप मिटला. गाड्या सुरू झाल्या, आणि पहिली मिळाली त्या गाडीनं ट्रंक आली, ट्रंकेमागून शारदाबाई आल्या आणि त्यांच्यामागून छत्री घेतलेले नाना.

शारदाबाईंनी हातपाय धुतले, नातीला उचललं, हुंगलं, आणि दचकून नाक मागे घेतलं.

"अगं बाई! हा कसला वास?"

"मोहरीचं तेल आहे, आई," चारुदत्त म्हणाला. "इथं सगळे लावतात. चांगलं असतं."

"मोहरीचं? बाळाला? लोणचं घालायचंय का पोरीचं?"

सगळे हसले. चारुदत्तही हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो हाफपँट घालून आला तर पाटावर शारदाबाई आधीच बसलेल्या.

"जावईबापू, तुम्ही फार केलंत," त्या म्हणाल्या, आणि त्या मनापासूनच म्हणत होत्या. "अडचण होती, निभावलीत. आता नका. पुरुषानं पोर न्हाऊ घालायचं म्हणजे चारचौघांत आम्हाला मान खाली घालायची वेळ. जा, आवरा तुमचं."

तो गेला. बाहेर बुटाची नाडी बांधता बांधता त्यानं कान दिला. ठकी आता रडेल, मग रडेल. नाही रडली. शारदाबाईंचे हात जाणते, तिळाचं तेल सौम्य. पोर सुखानं न्हाली आणि दुपारपर्यंत झोपली. चारुदत्तला वाईट वाटलं ते याचंच. रडली असती तर निदान आपली आठवण काढली असं तरी म्हणता आलं असतं! इतक्या लहान मनाचे आपण, याचीही त्याला लाज वाटली, आणि तरीही वाईट वाटायचं काही थांबलं नाही. संध्याकाळी घरी आला की तो ठकीला उचलायचा, तिच्या टाळूचा वास घ्यायचा आणि पाळण्यात परत ठेवायचा.

नाना हे सगळं आरामखुर्चीतून बघत होते. निवृत्त हेडमास्तर. बोलणं मोजकं, धोतर कडक, आणि पाळण्याशी आले तरी हात पाठीमागे बांधलेले. नातीला त्यांनी अजून घेतलं नव्हतं. सुनीतीला त्याचं नवल नव्हतं. तिच्या आठवणीत त्यांनी तिलाही कधी घेतलेलं नव्हतं.

असे काही दिवस गेले. एका रविवारी सकाळी पाणी तापलं, शारदाबाईंनी पाट मांडला, आणि चारुदत्त काही काम नसताना बाजारात जायला पिशवी शोधू लागला. सुनीती खुर्चीवरून उठली.

"आई, थांब. आज हे घालतील अंघोळ."

"का? माझं काही चुकलं?"

"नाही गं. तू महिन्यानं जाशील. मग कोण घालणार?"

"तू. तोवर टाके वाळतील."

"मीही घालीन. पण ठकी यांची पण आहे ना? गेले किती दिवस यांचं तोंड कसं उतरलंय, बघतेयस ना तू? मला बघवत नाही." सुनीतीचा आवाज चिरकला.

पिशवी हातात धरून चारुदत्त भिंतीसारखा उभा. त्याचे कान लाल झाले होते. "राहू दे गं," तो पुटपुटला. "आईंचा हात चांगला आहे."

"बघ, त्यांना कळतं," शारदाबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज आता तितकासा ठाम नव्हता. त्या वळल्या. "तुम्ही सांगा हो हिला. घरातल्या पुरुषानं असलं काही केल्याचं कधी पाहिलंय का आपल्याकडे?"

नाना काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"नाही पाहिलं," ते म्हणाले. "सुनीती झाली तेव्हा मी एकदा न्हाणीच्या दाराशी आलो होतो. तुला आठवतं? माझी आई पाटावर होती. म्हणाली, पुरुषांनी इथं काय उभं राहायचं, जा, शाळेची वेळ झाली."

"मग?" सुनीतीनं विचारलं. हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"मग काय. शाळेत गेलो. पुन्हा कुणी बोलावलं नाही, मीही आलो नाही. पहिलीत तुझं नाव घालायला नेलं त्या दिवशी तुझा हात धरला. तो पहिला."

बादलीतल्या पाण्याच्या वाफा वर जात होत्या. शारदाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू या माणसाशी त्यांची आजच ओळख करून दिलीय. मग गुडघ्यावर हात टेकून त्या पाटावरून उठल्या.

"बसा, चारुदत्तराव," त्या म्हणाल्या. "माझेही गुडघे काही आता पूर्वीचे राहिले नाहीत."

चारुदत्त हाफपँट घालून येईपर्यंत नाना न्हाणीच्या दाराशी पोचले होते. सदऱ्याच्या बाह्या त्यांनी कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. वर्गाबाहेर उभं राहिलेलं पोर आत येऊ का विचारतं, तसे ते जावयाला म्हणाले, "पाणी मी घालू का?"

"या ना, नाना. आधी कोपरानं बघा."

आयुष्यभर ज्यांच्या नजरेनं शाळा गप्प बसायची, ते नाना खाली वाकले आणि त्यांनी मुकाट्यानं कोपर बादलीत बुडवलं. तांब्या भरला. ठकी नडग्यांवर पालथी होती. नानांनी तांब्या इतका जपून कलता केला की पहिलं पाणी बाळावर पडण्याऐवजी बापाच्या गुडघ्यावर पडलं.

"भोय की, नाना?" चारुदत्त म्हणाला. "भ्यायचं काय त्यात? हळूच सोडा. पाठीवर."

दुसरा तांब्या बरोबर पडला. ठकीनं एकदा अंग ताणलं आणि दोन्ही मुठी गच्च आवळल्या. खुर्चीवर बसून सुनीती पदरानं डोळे पुसत होती आणि पुसून झाले तरी पुन्हा पुसावे लागत होते. शारदाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि वाटी घेऊन परत आल्या. तेच लोणच्याचं म्हणून हिणवलेलं मोहरीचं तेल होतं, त्यांनी स्वतः कोमट केलेलं.

नानांची नजर त्या मुठींवरून हलत नव्हती.

"सुनीतीही अशाच मुठी आवळायची का गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हो," शारदाबाई म्हणाल्या. "अगदी अश्शाच."

नानांनी तांब्या पुन्हा भरून घेतला.