बाईंचा टोप

मित्रांनो, टोप म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दुधाचे भांडे येईल. मी तो नव्हे. मी डोक्यावर चढवायचा टोप आहे, कमरेपर्यंत लांब काळ्या केसांचा, आणि आता पुष्कळ जुना झालो आहे. एका चित्रपट कंपनीच्या कोठारात, फुटक्या ढाली आणि पुठ्ठ्याचे मुकुट यांच्याखाली मी पडून असतो. मला घाण मुळीच सोसत नाही. ज्याचा जन्मच परक्या डोक्यांवर बसण्यासाठी झाला, त्याने असे नाजूक असू नये हे मला कळते. पण स्वभावाला औषध नसते.

मला एका कारागिराने घडवले. माझे केस एका डोक्याचे नाहीत. कुठल्या कुठल्या बायकांचे केस पोत्यात कोंबून त्याच्याकडे आले होते. ते त्याने सोड्याच्या पाण्यात उकळले, तेव्हा पाण्यावर जो तवंग आला तो आठवला की आजही मला मळमळते. मग त्याने जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवला, मला लाकडी डोक्यावर चढवले आणि लांबून पाहत बायकोला म्हणाला, "हा ज्याच्या डोक्यावर बसेल ना, त्याचं नशीब उघडेल."

भाबडा माणूस होता. मी पहिल्यांदा बसलो तो एका संगीत नाटक कंपनीतल्या आडदांड गायक नटाच्या डोक्यावर. तो राणीचे काम करी. गळा गोड होता, पण बाकी सगळा आनंद होता. त्याच्या डोक्यातला कोंडा माझ्या जाळीत साठे, घाम कपाळावरच्या डिंकात मिसळून आंबे, आणि प्रवेश संपवून आत आला की तो माझ्या टोकांनी नाक पुसे. बाहेर प्रेक्षक म्हणत, "काय सोज्वळ राणी आहे हो." आत मी त्या सोज्वळ राणीचा रुमाल झालो होतो. टाळ्या त्याला मिळत, शेंबूड मला.

पुढे कंपनीत बाई आल्या. तरुणपणी एका तापात त्यांचे केस गेले होते, कानांमागच्या चार बटा सोडल्या तर ते पुन्हा आलेच नाहीत. त्यांनी मला पहिल्यांदा हातात घेतले, हुंगले, तोंड वाकडे केले आणि धाकट्या बहिणीला म्हणाल्या, "याला आधी आंघोळ घाल. माणसात आण." त्या क्षणापासून मी त्यांचा झालो.

बहिणीने मला कोमट पाण्यात धुतले, सावलीत वाळवले, हळूहळू विंचरले. बाई रंगमंचावर मला घालत आणि बाहेरही घालत. म्हणजे इतर नट रात्रीपुरते सोंग घेत, बाईंचे सोंग दिवसाही सुटत नसे. कंपनीचा जुना टोप टाकून दिला असेच सगळे समजत, बहिणीखेरीज कुणाला काही ठाऊक नव्हते. बायका कौतुकाने विचारत, "बाई, एवढ्या केसांची निगा कशी राखता?" बाई गंभीरपणे सांगत, "झोपताना मोकळे करून खुंटीवर वाऱ्याला ठेवायचे." ऐकणाऱ्या हसून म्हणत, बाई थट्टेखोर आहेत. बाई एक शब्द खोटा बोललेल्या नसत.

ती माझी सुखाची वर्षे. मग नाटकाचे दिवस ओसरले, खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या आणि कंपनीने नाट्यगृह चित्रपटवाल्यांना भाड्याने दिले. ते एक विनोदी चित्रपट काढत होते. दोन बेकार वादक बायकांची सोंगे घेऊन बायकांच्याच गाणाऱ्या कंपनीत शिरतात आणि भलतीच तारांबळ उडते, अशी गोष्ट. बाईंना त्या कंपनीच्या मालकिणीचे काम मिळाले आणि शेवटी एक मोठे गाणे. घरी जाताना त्या बहिणीला म्हणाल्या, "नाटकातलं गाणं पडदा पडला की संपतं. हे राहील. माझ्यामागे माझा आवाज राहील." त्या वयात त्यांना इतके हरखलेले मी पाहिले नव्हते.

दिग्दर्शकाला सगळे साहेब म्हणत. त्याच्या अंगाला अत्तराचा आणि शिळ्या सिगारेटचा मिळून एक वास येई. एका दुपारी उकाड्याने हैराण होऊन बाईंनी मला काढून लाकडी डोक्यावर ठेवले होते आणि त्या रंगखोलीत डुलकी घेत होत्या. बहीण पाणी आणायला गेली होती. साहेब दार न वाजवता आत आला. त्याने मला पाहिले, मग बाईंचे डोके पाहिले, आणि पाऊल न वाजवता मागे सरला. जाताना तो हसला. माझ्यावर पुष्कळ घाण पडली आहे मित्रांनो, पण त्या हसण्यासारखी नाही.

शेवटच्या प्रसंगात असे होते की बाई आणि बाकीच्या गायिका रांगेत उभ्या राहून गात आहेत. नाट्यगृहाच्या रखवालदाराला संशय येतो की यांत पुरुष लपले आहेत. तो रांगेतून एकेकीचे केस ओढत येतो, दोघांचे टोप हातात येतात, आणि मालकिणीपुढे पोचल्यावर घाबरून वाकून नमस्कार करतो. रखवालदाराचे काम करणारा नट उंच आणि किडकिडीत होता, सगळे त्याला बांबू म्हणत. साहेबाने त्याला बाजूला घेतले. "नमस्कार नको. बाईंचाही टोप ओढ."

"बाईंचा टोप आहे?" बांबूने विचारले.

"आहे. त्यांच्याशी बोलणं झालंय. सराव करू नका म्हणाल्या, ऐन वेळी चेहरा ताजा राहतो."

दिवे लागले, गाणे सुरू झाले. बांबू रांगेतून टोप उडवत आला. बाई डोळे मिटून वरचा सूर लावत होत्या. त्याने मला धरले आणि खेचले. पिना कातडीला ओरबाडून निघाल्या, कपाळावरचा डिंक सुटला आणि मी त्याच्या मुठीत लोंबू लागलो. सूर मध्येच तुटला. बाईंनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि त्या खाली वाकल्या. सगळे पोट धरून हसले. दिवेवाले, सुतार, इतकी वर्षे त्यांना ओळखणारे वादकसुद्धा. कॅमेरा थांबला नाही. साहेबाने टाळी वाजवली आणि म्हणाला, "बस. असं हसू ठरवून मिळत नाही."

बांबूही हसत होता. त्याला वाटले, बाई काय झकास काम करतात. मग त्याने त्यांचे डोळे पाहिले. तोवर बहिणीने धावत येऊन त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला होता.

"बाई," तो म्हणाला, "मला सांगितलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे म्हणून."

"कुणी?"

त्याने साहेबाकडे पाहिले. बाईंनीही पाहिले. मग त्या म्हणाल्या, "मग तुझ्यावर रागावून काय करू? दे तो इकडे. चुरगाळतोयस."

त्याने मला त्यांच्या हातात दिले, भिंतीपाशी गेला आणि भडभडून ओकला. मला ओकारीची शिसारी आहे. त्या दिवशी मात्र वाटले, चला, इथे एकाला तरी किळस येते.

थोड्या वेळाने साहेब रंगखोलीत आला, पुन्हा दार न वाजवता. "बाई, मन मोठं करा. लोक तुम्हाला डोक्यावर घेतील."

"डोक्यावर काय घ्यायचं नि काय नाही, ते माझं मी बघते," बाई म्हणाल्या. "फितीचा तो तुकडा काढून टाका."

"सोनं कुणी गटारात टाकतं का?"

"गटारातून काढलेलं असेल तर टाकावं."

बांबू दारात येऊन उभा होता. तोंड धुतलेले, पण चेहरा पांढराफटक. "साहेब, माझा आवाज अजून भरायचा राहिलाय. सगळ्या चित्रपटाचा."

"मग?"

"तो तुकडा राहणार असेल तर माझा घसा बसलाय."

"धमकी देतोस मला?"

"नाही हो. घसा बसलाय म्हणतो. बसतो माणसाचा."

साहेबाने त्याच्याकडे पाहिले, मग सिगारेट काढली, ती उलटी पेटवली. अर्ध्याहून अधिक चित्रपटात हा बांबू होता आणि त्याचा तो चिरका आवाज नसेल तर कुणी हसणार नव्हते. एवढे त्याला कळत होते.

"ताई, घरी चल," बहीण म्हणाली. "नको आपल्याला गाणं नि काही."

बाई मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कुणाकडे न बघता त्या माझा गुंता सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाणं सोडणार नाही मी. प्रसंग राहू दे. पण आजचा तुकडा माझ्यासमोर जाळायचा आणि उद्या पुन्हा करायचं. मला माहीत असताना."

"ताई, चारचौघांत?"

"चारचौघांनी आज पाहिलंच की. त्यांच्या मनाने पाहिलं. आता माझ्या मनाने पाहू देत."

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहामागे एका बादलीत तो तुकडा जाळला. काय भयंकर दुर्गंधी सुटली. आयुष्यात तेवढी एकच दुर्गंधी मी छाती भरून घेतली असती, मला छाती असती तर.

मग पुन्हा दिवे, पुन्हा गाणे. बांबूने दोघांचे टोप उडवले आणि बाईंपुढे येऊन हात पुढे केला. बाईंनी गाता गाता बोट वर करून त्याला थांबवले. सावकाश पिना काढल्या. मला उचलले आणि दाराशी नोकराच्या हातात छत्री द्यावी तसे त्याच्या हातात दिले. तोवर त्या वरच्या सुरावर पोचल्या होत्या. हसू फुटले, आणि मग तान इतकी लांबली की हसणारे गप्प झाले. गाणे संपले तेव्हा पुन्हा हसले, पण ते हसणे वेगळे होते. बाईही त्यात होत्या.

बांबूच्या हातातून मी बाईंचे डोके पाहत होतो. इतकी वर्षे मी ते झाकले होते, असे भर उजेडात कधी पाहिले नव्हते. त्यावर तापाचे डाग होते, कालच्या पिनांचे ओरखडे होते. सगळ्या गोष्टींना नाक मुरडणाऱ्या मला त्या डोक्याची मात्र किळस आली नाही. ते झाकायला कुणी सांगितले होते, असेच वाटत राहिले.

त्या दिवसानंतर बाईंनी मला घातले नाही. त्या उघड्या डोक्याने घरी गेल्या, उघड्या डोक्याने बाजारात जाऊ लागल्या. चित्रपट चालला, गाणे घरोघरी पोचले. चित्रपट कंपनीने टोप आठवण म्हणून मागितला तेव्हा बहीण घुटमळली, पण बाई म्हणाल्या, "देऊन टाक. त्याचं काम झालं." मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू? त्यांचे सुख माझ्या सुटण्यात होते, आणि मला मात्र सुटायचे नव्हते.

साहेबाने मला कचेरीत काचेच्या पेटीत ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगे, "तो प्रसंग? माझीच कल्पना." मेजवान्यांत पाहुणे मला काढून डोक्यावर चढवत, बायकी आवाज काढत, कंबर हलवत. माझ्यात राख पडली, सांडलेली दारू वाळली, कुणीतरी बोटांवरचे तूप पुसले. पुढे पेटी फुटली आणि माझी रवानगी या कोठारात झाली.

मित्रांनो, लोकांना खुशाल हसवा. सोंगे घ्या, दाढ्या लावा, टोप उडवा. पण ज्याचा टोप उडवायचा त्याला आधी विचारा. आणि जुन्या वस्तू टाकायच्याच असतील तर धुऊन, पुसून ठेवा, आम्ही कुणाची तरी लाज राखलेली असते.

सध्या इथे उंदीर येतात. पिलांच्या बिछान्यासाठी माझे केस तोडून नेतात. पूर्वी मी शहारलो असतो. आता उंदरांची फारशी किळस वाटत नाही. तेही न विचारता ओरबाडतात, पण ओरबाडून झाल्यावर हसत नाहीत.